मस्टरवर गैरहजर

टांझानिया, टेकडीवरचं मिशन
२३ मे २०२५

आदरणीय अक्का,

तुमच्या धाकट्या भावजयीचा समुद्रापलीकडून सलाम.

आधी एक कबुली. इथं थंडी आहे. माझ्या बॅगेत सात सुती साड्या, चार सुती ड्रेस आणि उन्हासाठी घेतलेला पांढरा रुमाल आहे. आफ्रिका म्हटल्यावर मला चिकलठाण्याचा मे महिनाच दिसत होता. निघताना तुम्ही म्हणाला होतात, "स्वेटर घे एखादा, हवा काय विचारून येती व्हय?" मी हसले होते. सध्या मी पाळकसाहेबांचा जादा स्वेटर घालून हिंडते. बाह्या चार बोटं लांब आहेत, त्यामुळं खडू धरायला हात सापडत नाही.

दुसरी कबुली जरा मोठी आहे. चर्चमध्ये आमचा निरोपसमारंभ झाला तेव्हा तुम्ही तिसऱ्या बाकावर होतात. आम्हाला इथं घेऊन आलेले हेच पाळकसाहेब, गोकुळ मकासरे, म्हणाले, "शिक्षण क्षेत्रातला तेहतीस वर्षांचा अनुभव असलेल्या आपल्या संध्याबाई तिथल्या बालवाडीत शिकवणार आहेत." मी मान खाली घालून नम्रपणे हसले. तेहतीस वर्षं मी शिक्षण खात्याच्या कचेरीत आवक-जावक आणि मस्टर सांभाळलं. वर्गात गेले ती साहेबांच्या मागं फाईल धरून. तेव्हाच उठून सांगायला हवं होतं, पण अंगावर शाल पडली होती. शाल पडल्यावर खरं बोलायची आपल्याकडं पद्धत नाही. त्यामुळं आता अडीच ते पाच वर्षांची एकतीस पोरं माझ्या पदरात आहेत.

पोरांना एकसारखा निळा गणवेश, आणि सगळ्यांची डोकी तासलेली. मुलगा कोण, मुलगी कोण, कालचं कोण, आजचं कोण, काही कळत नाही. खरी शिक्षिका नेएमा नावाची तेवीस वर्षांची पोरगी आहे. ती इंग्रजी बोलते, म्हणून माझं निभावतंय. शहागंजातून प्लॅस्टिक चढवून आणलेली शंभर चित्रं पहिल्या दिवशी संपली. एकानं आंबा चाटून पाहिला आणि माझ्यावर रुसला. पोरं मला बीबी म्हणतात. इथं आजीला बीबी म्हणतात. मकबऱ्याच्या गावची मी, मनात म्हटलं, चला, नाव तरी ओळखीचं मिळालं.

फोन टेकडीवर लागत नाही. शनिवारी मिशनची गाडी खाली शहरात जाते, तिथून पत्राचा फोटो तुम्हाला येईल. तुमचंही तसंच पाठवा.

तनुजाला सातवा लागला. दहा ऑगस्ट ही तारीख आहे आणि मी सव्वीस जुलैला घरी. पंधरा दिवस हातात आहेत. पोरगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते आणि आई परदेशी जाते, असं आपल्या सात पिढ्यांत झालं नसेल. तुम्ही बिडकीनहून येऊन तिच्याजवळ राहिलात म्हणून मला निघता आलं. ती रुसली नाही ना? निघताना गेटपर्यंत आली नाही.

तुमची,
संध्या

---

चिकलठाणा
३० मे २०२५

चि. संध्यास,
सारजाबाईचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय, त्यामुळं तुझं पत्र तनुजा मोठ्यानं वाचून दाखवते आणि माझ्या पत्राचा फोटो पण तीच काढते. हे ध्यानात ठेवून लिहीत जा.

ती रुसली का, असं विचारलंस. रुसलेली बाई बोलत नाही. ही बोलते. फक्त तुझ्याविषयी बोलत नाही.

जेवण व्यवस्थित आहे. इंद्रजीत कंपनीतून सुटला की रोज इकडं येतो. जावई चांगला मिळालाय, भांडी घासतो. इथं ऊन लई आहे. तुझा स्वेटर कपाटात वरच्या फळीवर दिसला.

बालवाडीचं म्हणशील तर मी तीस वर्षं बिडकीनला अंगणवाडी चालवली. तू जायच्या आधी एकदा बी विचारलं नाय की अक्का, पोरं कशी सांभाळायची. विचारलं असतं तर सांगितलं असतं. आता तरी विचार.

सारजाबाई

---

टांझानिया
१३ जून २०२५

आदरणीय अक्का,

तुमचं पत्र वाचून कान लाल झाले. खरंच विचारलं नाही. तुमची अंगणवाडी म्हणजे खिचडी आणि लसीकरण, आणि माझी म्हणजे मिशन, असं काहीतरी डोक्यात असणार. पण आता विचारायची तितकी गरज उरलेली नाही, कारण मला माझं काम सापडलंय.

इथं मस्टर नव्हतं! एकतीस मुलं, रोजची पेज, महिन्याला प्रत्येक घरी मक्याच्या पिठाची एक पिशवी, आणि कोण आलं कोण नाही याचा एक कागद नाही. मी पहिल्याच आठवड्यात वही आखली. रोज सकाळी नाव पुकारते, पोर "निपो" म्हणतं, म्हणजे हजर. मी बरोबरची खूण करते. उत्तर आलं नाही की लाल पेनानं "गै". नावं इंग्रजीत असली तरी शेरा मराठीतच लिहिते. हात तसाच वळतो.

आणि मी एक सुधारणा केली. पिठाची पिशवी सरसकट द्यायची नाही. ज्याची हजेरी नीट, त्यालाच. म्हणजे आईबापांना शिस्त लागेल. नेएमा काही बोलली नाही. पाळकसाहेब म्हणाले, तुमचा तेहतीस वर्षांचा अनुभव दिसतो. या खेपेला मी नम्रपणे हसलेसुद्धा नाही, सरळ मान डोलावली.

फक्त एक मुलगी आहे, उपेंदो नावाची. पटावर नाव आहे, पण अजून एकदाही आलेली नाही. ओळभर लाल "गै". तिच्या घरी मी नोटीस पाठवली आहे.

अक्का, खरं सांगू? इथं माझी खरी गरज आहे. रिटायर झाल्यापासून घरात मी या खोलीतून त्या खोलीत फिरत होते. कुणाला माझं काही अडत नव्हतं. इथं सकाळी एकतीस तोंडं बीबी, बीबी करत अंगावर येतात. आयुष्यात पहिल्यांदा वाटतंय की मी योग्य जागी आहे.

तनुजाला मीठ बेतानं द्या.

तुमची,
संध्या

---

चिकलठाणा
२० जून २०२५

चि. संध्यास आशीर्वाद.

तुझं पत्र तनुजानं वाचून दाखवलं. "इथं माझी खरी गरज आहे" हे वाक्य तिनं दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाच असं मी सांगितलं नव्हतं.

तू विचारायची गरज नाही म्हणतेस, तरी सांगते. हजेरी डोळ्यानं घ्यायची असते, कानानं नाय. मी कधी नाव पुकारलं नाही. दारातल्या चपला बघायची, मग पोरांची तोंडं बघायची. कुणाचं नाक वाहतंय, कोण उपाशी आलंय, तेवढ्यात सगळं कळतं. वही दुपारी भरायची.

आणि तू उभी राहून शिकवत असशील. खाली बस. सूप घे, तांदूळ निवड. पोरांना बोलावू नको. मोठं माणूस खाली बसून हातानं काही काम करत असलं की पोरं आपसूक येतात. एक येतं, मग दुसरं येतं. जे सगळ्यात शेवटी येतं ते आपलं.

पीठ हजेरीवर देऊ नको. जे येत नाही त्यालाच जास्त लागतं.

तनुजा बरी आहे. पायाला थोडी सूज आहे.

सारजाबाई

---

टांझानिया
२७ जून २०२५

आदरणीय अक्का,

तुमचं पत्र शनिवारी आलं आणि सोमवारी उपेंदोची आजी आली. तुमचं पत्र महिनाभर आधी आलं असतं तरी मी ऐकलं नसतंच, त्यामुळं पोस्टाला दोष नाही.

आजी दीड तास टेकडी चढून आली होती. हातात माझी नोटीस. ती लिहिली होती इंग्रजीत, सहीखाली "प्रभारी" असंही लिहिलं होतं. पिठाची पिशवी का मिळाली नाही, हे विचारायला ती आली होती. मी नेएमाला म्हटलं, यांना सांग की तुमची नात एकोणीस दिवस गैरहजर आहे. पुरावा म्हणून वही उघडून पुढं केली. नेएमानं वहीकडं बघितलं, मग आजीकडं, मग माझ्याकडं. आणि दाराजवळच्या चटईकडं बोट केलं.

"ती बघा उपेंदो. ती रोज येते. तुम्ही तिला रोज पेज वाढता."

अक्का, ती पोरगी मला माहीत होती. रोज दाराजवळच बसते, उजव्या गुडघ्यावर खपली आहे, पेज पिताना वाटी दोन्ही हातांनी धरते. मी तिला माझ्या मनात "खपलीवाली" म्हणत होते. फक्त ती बोलत नाही. एक अक्षर नाही. मी नाव पुकारायचे, ती माझ्याकडं बघत राहायची, आणि मी तिच्याच समोर तिला गैरहजर लावायचे. तेहतीस वर्षांचा अनुभव.

नेएमाला विचारलं, बाई गं, तू आधी का सांगितलं नाहीस? ती म्हणाली, वहीत मराठी अक्षर होतं. लाल शाईत, वळणदार, आणि रोज एकट्या उपेंदोच्या नावापुढं. तिला वाटलं मी त्या मुलीला काही आशीर्वाद लिहिते आहे. पिशवी का नाही, ते तिला कळत नव्हतं, पण पाहुण्या मोठ्या बाईला विचारायचं कसं!

मी आजीची माफी मागितली. दोन पिशव्या दिल्या, सुधारणा रद्द केली, वहीत बसून एकोणीस "गै" खोडले. आजी काही चिडली नाही. चहा घेतला आणि मला विचारलं, तुला नातवंड आहे का? म्हटलं, ऑगस्टमध्ये होईल. मग तिनं विचारलं, तुझ्या लेकीजवळ आत्ता कोण आहे? म्हटलं, माझी नणंद. आजी "आं" एवढंच म्हणाली. नेएमाला त्याचं भाषांतर करावं लागलं नाही.

मंगळवारपासून मी खाली बसते. इथं सूप नाही, परात आहे. तांदूळ नाहीत, घेवडा आहे. तुम्ही सांगितलं तसंच झालं. आधी आंबा चाटणारा आला, मग दोघी आल्या. उपेंदो अजून दाराशीच आहे. चटई मात्र एक हात पुढं सरकली आहे.

तनुजा, हे तू वाचते आहेस ते मला माहीत आहे. मागच्या पत्रातलं ते वाक्य मी आता खोडलं असतं, पण गेलेल्या पत्राची जावक रद्द करता येत नाही. तुझ्या आईला लिहिता येतं, बोलता येत नाही, आणि हल्ली लिहिताही येत नाही असं दिसतंय.

तुमची,
संध्या

---

चिकलठाणा
४ जुलै २०२५

चि. संध्यास आशीर्वाद.

पत्र तनुजानं वाचलं. तुझा शेवटचा परिच्छेद मनातल्या मनात वाचला आणि म्हणाली, "आत्या, बाकी काही नाही." मी नंतर चष्मा लावून, खिडकीशी जाऊन वाचला.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. तुझी नोकरी नवी होती, शहरात खोली मिळत नव्हती, म्हणून तनुजा दोन वर्षं माझ्याकडं बिडकीनला होती. तू रविवारी यायचीस. अंगणवाडीत आली तेव्हा तीन वर्षांची होती. चार महिने ती पण बोलली नव्हती. घरी माझ्याशी बोलायची, अंगणवाडीत तोंड बंद. दाराशीच बसायची. मी तिला काही म्हटलं नाही. तांदूळ निवडत राहिले. एक दिवस येऊन शेजारी बसली आणि खडा काढून माझ्या हातावर ठेवला. त्यानंतर तिचं तोंड बंद करायला लागायचं. तू आधीच रडत रडत एस.टी.त बसायचीस, म्हणून तुला सांगितलं नाही.

पायाची सूज उतरली नाही. डॉक्टरीणबाईंनी आराम सांगितलाय. दर दोन दिवसांनी बी.पी. बघतात. मी बिडकीनहून वजनकाटा मागवून घेतलाय, पोरांचा, झोळीचा.

तुझं तिकीट बदलता येतं का, असं मी विचारणार होते. तनुजा नको म्हणते. तेव्हा विचारत नाही.

सारजाबाई

---

टांझानिया
११ जुलै २०२५

आदरणीय अक्का,

तुमच्या पत्रातला अंगणवाडीचा भाग दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचला. चार महिने! आणि मी दर रविवारी येऊन विचारायचे, बाई काय शिकवतात गं? तेव्हा ती गाणी म्हणून दाखवायची.

पायाच्या सुजेची काळजी करू नका. तनुजाच्या वेळी माझेही पाय असेच सुजले होते. आणि काटा कशाला आणलात हो? तुम्हाला रिटायर होऊन वर्ष झालं नाही तोच चैन पडेना, असं दिसतंय. मी मस्टर आखते, तुम्ही काटा आणता. नणंदा-भावजया शोभतो खऱ्या.

इकडं निरोपाचा कार्यक्रम चोवीस तारखेला ठरलाय. पोरांनी एक गाणं म्हणावं आणि सगळ्यांनी पेज प्यावी, एवढंच नेएमाच्या मनात होतं. मी तिला कार्यक्रमपत्रिका करून दिली. स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, सत्कार, मनोगतं, अध्यक्षीय समारोप, आभार. ती वाचून तिनं विचारलं, यात मुलं कधी येतात? मी बघितलं, तर खरंच कुठं नव्हती. चौथ्या नंबरनंतर एक ओळ घातली. अक्का, शाली पण आणल्यात मी, सहा. त्यातली एक उपेंदोच्या आजीला घालणार आहे. बघा, खोड काही जात नाही.

उपेंदो माझ्यापासून दोन हातांवर आली आहे.

तुमची,
संध्या

---

चिकलठाणा
१२ जुलै २०२५

संध्या,

हे पत्र तनुजाला न सांगता लिहिते आहे. फोटो इंद्रजीत काढणार आहे.

मंगळवारी, आठ तारखेला सकाळी सव्वाअकरा वाजता तनुजाला मुलगी झाली. जवळजवळ पाच आठवडे आधी. बी.पी. एकदम वाढलं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या थांबायचं नाही. ऑपरेशन झालं. दोघी ठीक आहेत. बाळाचं वजन दोन किलो शंभर. काल घरी आणलं. इतक्या लहान बाळाला अंघोळ नाही. कपडे काढून छातीशी, कातडीला कातडी लावून धरायचं, दिवसभर पाळीपाळीनं. तनुजा धरते, इंद्रजीत धरतो, मी धरते. काटा मी कशासाठी आणला होता, ते आता तुला कळलं असेल.

सोमवारी दवाखान्यात नेलं तेव्हाच मी तुमच्या मिशनच्या शहरातल्या कचेरीत फोन लावायला सांगितला होता. तनुजानं माझा हात धरला. म्हणाली, "आत्या, आईला कळवू नका. तिथं तिची गरज हाय ना? मग राहू द्या तिला तिथंच."

मी शब्द दिला आणि पाच दिवस पाळला. आज मोडते. काल बाळाला छातीशी घेऊन बसली होती. मला विचारलं, "मी लहान असताना आई मला अंघोळ घालायची का?" मी म्हटलं, रविवारी घालायची. ती म्हणाली, "मला आठवतंय. पाणी लई गरम असायचं." आणि मग रडायला लागली. किती तरी वेळ रडली. मी ते डोळ्यांनी बघितलंय, म्हणून लिहिते.

तिनं भिंतीवर एक कागद लावलाय. कुणी कोणत्या दिवशी बाळाला धरलं, त्याचा. कारकुनाची लेक आहे. त्यात तुझं नाव पण आहे.

येणार असशील तर ये. पण हार, पेढे, भाषण काही नको. येऊन खाली बस.

सारजाबाई

---

टांझानिया
१३ जुलै २०२५

अक्का,

काल दुपारी मी काटा कशाला आणलात म्हणून थट्टा करणारं पत्र गाडीतून पाठवलं, आणि त्याच गाडीनं संध्याकाळी तुमचं आणलं. माझं ते पत्र तनुजाला वाचायला देऊ नका. दिलं असेल तर असो. मी अशीच आहे हे तिला माहीत आहे.

पाय सुजले होते. बी.पी. बघत होते. तुम्ही काटा मागवला, तिकिटाचं विचारत नाही असं लिहून विचारलंत. हे सगळं माझ्यासमोर अक्षरांत होतं आणि मी वाचलं. कुणी मोठ्यानं "ये" म्हटलं नाही, म्हणून मला ऐकू आलं नाही. उपेंदोचं जे केलं तेच पोटच्या पोरीचं केलं, आणि तीस वर्षांपूर्वीही तेच केलं असणार.

पाळकसाहेब उद्या स्वतः शहरात जाऊन तिकीट बदलून आणणार आहेत. हे पत्रही त्यांच्याकडं देते. मी त्यांना शिक्षण क्षेत्राचंही खरं सांगून टाकलं. ते म्हणाले, आम्हाला माहीत होतं, पण दुसरं कुणी तयार नव्हतं.

आज प्रार्थनेनंतर नेएमाला वही परत दिली. उपेंदोही आली होती, आजीबरोबर. मी परात घेऊन ओट्यावर बसले होते. ती येऊन मांडीला टेकून बसली. घेवड्यातला एक खडा काढून बाजूला ठेवला. कार्यक्रम रद्द. शाली नेएमाला दिल्या, सकाळच्या थंडीत पोरांना होतील.

शनिवारी पोचते.

संध्या

---

चिकलठाणा
२७ जुलै २०२५

आदरणीय अक्का,

तुम्ही गुरुवारी "आता तुमचं तुम्ही बघा" म्हणून बिडकीनला गेलात. पंचवीस किलोमीटरवर आहात, फोनही लागतो, तरी लिहितेच. सवय लागली आहे. आणि काही गोष्टी मला अजूनही बोलता येत नाहीत.

मी आले तेव्हाचं तुम्ही बघितलंच. दारात चपला काढल्या, हात धुतले, पलंगाजवळ खाली बसले आणि तुम्ही पुढं केलेल्या वाटीतले आळीव निवडायला घेतले. आळिवात निवडण्यासारखं काही नसतं हे मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे, आणि तनुजालाही माहीत होतं. पाच दिवस मी तेच निवडत होते. ती "पाणी दे", "पंखा कमी कर", एवढंच बोलत होती. बाळ तिच्याकडं, इंद्रजीतकडं, तुमच्याकडं. माझ्याकडं नाही. मी मागितलंही नाही. दोनदा तोंडाशी आलं, तुमच्याकडं बघितलं आणि गिळलं.

परवा, शुक्रवारी सकाळी, इंद्रजीत पहिल्या पाळीला गेला होता. तुम्हीही नव्हता. तनुजानं बाळाचं टोपडं सारखं केलं. मग म्हणाली, "मला अंघोळीला जायचंय." मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "वर बस. पदर बाजूला घे." आणि बाळ माझ्या छातीवर ठेवलं, वरून दुपटं गुंडाळलं, आणि निघून गेली.

अक्का, दोन किलो तीनशे वजन म्हणजे काहीच नाही. कचेरीतलं मस्टर याहून जड होतं. पण माझा श्वास घ्यायचा धीर होईना. बाळ बेडकासारखं पाय दुमडून झोपलं होतं आणि त्याचं सगळं अंग माझ्या अंगावर वर-खाली होत होतं.

हलता येत नव्हतं म्हणून समोरच्या भिंतीकडं बघत राहिले. तिथं तो कागद होता. पाच दिवस मी त्याच्याकडं पाठ करून बसत होते, ते का ते तुम्हाला कळलं असेलच. आता समोरच आला. काय आखलाय हो! मी शिकवलंही नव्हतं. पहिली ओळ तनुजा, सगळ्या खुणा. दुसरी इंद्रजीत, दोन दिवस लाल "गै". तिसरी तुम्ही, त्यातही एक लाल "गै" आहे, तेरा तारखेला. चर्चला गेला होतात. तुम्हालाही सोडलं नाही पोरीनं.

चौथी ओळ "आई". आठ तारखेपासून चोवीसपर्यंत सतरा घरं. एकातही लाल पेन नाही. सगळी रिकामी.

तेहतीस वर्षं मस्टर सांभाळलेल्या बाईला याचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. जो आला नाही त्याच्या नावापुढं शेरा मारून संध्याकाळी वही मिटतात. घर रिकामं ठेवतात ते अजून येईल असं वाटतं त्याचं. एकोणीस दिवस समोर बसलेल्या पोरीला मी गैरहजर लावलं होतं. आणि माझी पोरगी टाके पडलेल्या पोटानं रोज त्या कागदापाशी जात होती आणि माझं घर मोकळं सोडत होती.

मला रडू आलं. पण रडलं की छाती हलते, म्हणून तेही नीट जमेना.

तनुजा केस पुसत बाहेर आली. माझ्याकडं बघितलं, मग भिंतीकडं. कागदाला बांधलेलं पेन घेऊन उभी राहिली. मला वाटलं, आता सतराच्या सतरा घरं लाल करते, आणि केली असती तर मी पुढं होऊन सही दिली असती. तिनं पंचवीस तारखेच्या घरात खूण केली. पेन सोडलं. माझ्याकडं पाठ ठेवूनच म्हणाली,

"मागचं बघू नंतर. मान धर तिची, कलंडती हाय."

मी मान धरली.

तुमची,
संध्या